सरासरी तीच, वही वेगळी

वडिलांची बीपीची वही मी पहिल्यांदा नीट वाचली, ती डॉक्टरांनी मागितली म्हणून. साधी रेघांची वही. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. एका आठवड्याचे सकाळचे वरचे आकडे असे होते: 118, 152, 131, 160, 124, 146, 121. दवाखान्यात बसल्या बसल्या मी सातांची सरासरी काढली. 136 आली. 'थोडंसंच जास्त आहे' असं म्हणून मी निश्चिंत झाले. डॉक्टरांनी मात्र पेन काढलं, 118 आणि 160 या दोन आकड्यांभोवती गोल केले आणि वडिलांना विचारलं, "या दोन दिवशी काय झालं होतं, आठवतंय का?"

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे सांगते. आधी तो प्रश्न विचारावासा का वाटला, ते समजून घेऊ.

रक्तदाब म्हणजे वाहणाऱ्या रक्ताचा धमनीच्या भिंतीवर पडणारा दाब. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं, तेव्हा तो सर्वांत जास्त असतो. हा वरचा आकडा. पुढचा ठोका पडण्याआधी हृदय सैलावतं, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. हा खालचा आकडा. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके होतात. प्रत्येक ठोक्याचा दाब आपापला, मागच्याहून किंचित वेगळा. त्या लाखातला एखादाच आपण पट्टा बांधून पकडतो आणि 'माझं बीपी अमुक आहे' असं सांगतो.

रक्तदाब स्थिर नसतो, हे तो पहिल्यांदा मोजला गेला तेव्हाच दिसलं होतं. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली. हे प्रयोग 1733 साली प्रसिद्ध झाले. रक्त नळीत आठ फुटांहून जास्त वर चढलं, आणि तिथे ते थांबून राहिलं नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर काही इंच वर-खाली होत राहिलं. पुढे 1896 मध्ये इटलीतल्या शिपिओने रिवा-रॉची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणला. 1905 मध्ये रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्टा सैल करताना धमनीतून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा आणि खालचा आकडा कसा ओळखायचा, ते दाखवलं. नळी न घालता रक्तदाब मोजता येऊ लागला, ही केवढी मोठी सोय झाली. पण पट्टा एका क्षणाचाच दाब सांगतो. नळीत डोळ्यांसमोर दिसणारी ती वर-खाली होणारी हालचाल आपल्या नजरेआड गेली, आणि हळूहळू रक्तदाब म्हणजे एक ठरलेला आकडा अशी समजूत होऊन बसली.

खरं तर दाब बदलता येणं हे शरीराचं कसब आहे. तुम्ही खुर्चीतून उठता त्या क्षणी अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. भिंत कमी ताणली गेली की ते लगेच मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाची गती वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो, आणि काही सेकंदांत दाब जागेवर येतो. आपल्याला यातलं काहीही जाणवत नाही. झोपेत हाच दाब दिवसाच्या मानाने साधारण 10 ते 20 टक्के उतरतो आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. चढ किती मोठा असू शकतो? 1985 मध्ये काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून वजन उचलतानाचा दाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना त्यांचा सरासरी दाब 320/250 पर्यंत गेला होता! वजन खाली ठेवल्यावर तो काही सेकंदांत उतरला.

आणि नुसते डॉक्टर समोर आले तरी दाब चढतो. इटलीत ज्युझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून चोवीस तास दाब नोंदवला आणि मध्येच डॉक्टरांना बीपी तपासायला पाठवलं. डॉक्टर आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी 27 ने आणि खालचा 15 ने वाढलेला दिसला. हे 1983 चं काम. दवाखान्यात बीपी जास्त आणि घरी ठीक, ही तक्रार म्हणूनच मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. ती मोजलेली गोष्ट आहे.

म्हणजे चढउतार व्हायचेच. मग अभ्यासकांना त्यांची काळजी का वाटते? कारण सगळे चढउतार एका जातीचे नसतात. ठोक्यागणिक होणारे, दिवस-रात्रीचे, आजच्या सकाळपासून उद्याच्या सकाळपर्यंतचे, महिन्या-दोन महिन्यांनी होणाऱ्या तपासण्यांमधले, थंडी-उन्हाळ्याचे (थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, दाब थोडा वाढतो), असे हे बरेच थर आहेत. व्यायाम करताना चढणारा दाब कारण संपलं की उतरतो. शांत बसून, त्याच वेळी, त्याच पद्धतीने मोजूनही आकडे दिवसागणिक लांब उड्या मारत असतील, तर प्रश्न वेगळा होतो.

हे मोजायचं कसं, ते वडिलांच्या वहीवरच पाहू. त्यांच्या सात आकड्यांशेजारी दुसऱ्या एका माणसाचे सात आकडे ठेवू: 134, 138, 136, 133, 139, 137, 135. यांचीही सरासरी बरोबर 136. पण इथे प्रत्येक आकडा सरासरीच्या आसपास दोन-तीन अंकांत आहे. आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात हे सांगणारं एक माप संख्याशास्त्रात आहे, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. या दुसऱ्या माणसाचं ते येतं सुमारे 2. वडिलांचं येतं साडेसोळाच्या वर. दुसरं माप आणखी सोपं आहे: आज आणि काल यांतला फरक काढायचा, उद्या आणि आज यांतला काढायचा, आणि त्या फरकांची सरासरी घ्यायची. दुसऱ्या माणसाचा रोजचा फरक साधारण 3, वडिलांचा जवळजवळ 28. कागदावर दोघंही '136 वाले'. पण दोघांच्या रक्तवाहिन्यांनी तो आठवडा एकसारखा काढला, असं कोण म्हणेल?

आता धोक्याचं. पहिल्यांदा एक गोष्ट ठामपणे: सरासरी रक्तदाबाइतकं महत्त्वाचं यात दुसरं काहीही नाही. 2002 मध्ये 61 अभ्यासांतल्या दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र तपासली गेली. वरचा आकडा 115 पासून पुढे दर 20 ने वाढला की 40 ते 69 या वयात पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट किंवा त्याहून जास्त होत जातो, असं त्यात दिसलं. चढउतारांच्या नादात सरासरी विसरायची नाही. ज्याचं बीपी रोज न चुकता 165 असतं, त्याचा दाब स्थिर आहे खरा, पण त्यात समाधान मानण्यासारखं काहीच नाही.

मात्र सरासरी सारखी असलेल्या माणसांमध्येही चढउतारांनी फरक पडतो, हे 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटाने जोरकसपणे मांडलं. त्यांनी ज्यांना आधी छोटा, काही वेळात ओसरणारा पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, अशा रुग्णांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. सात भेटींतले आकडे घेऊन सर्वांत जास्त चढउतार असलेले दहा टक्के रुग्ण आणि सर्वांत कमी असलेले दहा टक्के यांची तुलना केली. सरासरी रक्तदाबाचा हिशेब वेगळा काढूनही पहिल्या गटात पुढे पक्षाघाताचा धोका सहा पटींनी जास्त होता.

सहा पट हा आकडा वाचून धडकी भरते, म्हणून जरा थांबून पाहू. ही आधीच धोक्यात असलेली माणसं होती, आणि तुलना दोन टोकांची होती. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतल्या 25,814 जणांच्या नोंदी अशाच तपासल्या गेल्या. तिथे लोकांचे पाच गट केले होते. सर्वांत जास्त चढउतारांच्या गटात, म्हणजे प्रमाण विचलन 14.4 किंवा त्याहून जास्त असलेल्यांत, सर्वांत कमी चढउतारांच्या गटापेक्षा पक्षाघात 46 टक्के जास्त आणि मृत्यू 58 टक्के जास्त आढळले. सर्वांत कमीवाल्यांचं प्रमाण विचलन 6.5 च्या आत होतं. दुसऱ्या वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब आणखी सौम्य निघाला: चढउतार एका पायरीने वाढले की धोका साधारण 10 ते 18 टक्क्यांनी जास्त. माझ्या मते खरं चित्र या शेवटच्या आकड्यांच्या जवळ आहे. धोका खरा आहे, सरासरीच्या मानाने लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

हा धोका येतो कुठून? इथे अभ्यासकांत दोन बाजू आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे.

एक बाजू म्हणते, चढउतार स्वतःच इजा करतात. धमनीचं आतलं अस्तर फार नाजूक असतं. दाबाची उसळी आली की ते ताणलं जातं, घासलं जातं. मेंदू आणि मूत्रपिंड या दोन अवयवांना सतत आणि भरपूर रक्त लागतं, त्यामुळे दाबाची लाट त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत सहज पोहोचते. उसळीत त्या सोसतात, आणि दाब एकदम उतरला की त्यांच्यापलीकडच्या पेशींना रक्त कमी पडतं. धमनीच्या भिंतीवर आधीच चरबीचा थर साचलेला असेल, तर उसळीने तो फुटण्याचीही शक्यता असते.

दुसरी बाजू म्हणते, चढउतार हा धूर आहे, आग दुसरीकडे आहे. तरुण धमनी लवचीक असते. हृदयाने रक्त ढकललं की ती फुगते, धक्का पोटात घेते आणि मग हळूहळू ते रक्त पुढे सोडते. वयाने, मधुमेहाने, तंबाखूने, वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या दाबाने ती जुन्या रबरी नळीसारखी ताठर होते. मग धक्का शोषला जात नाही, वरचा आकडा उसळतो आणि खालचा घसरतो. शिवाय मघाशी सांगितलेले ते दाब ओळखणारे मज्जातंतू ज्या भिंतीत असतात, तीच भिंत ताठर झाल्यामुळे त्यांना ताण नीट कळेनासा होतो. सावरणारी यंत्रणाच मंद झाली की आकडे उड्या मारू लागतात. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, सततचं दुखणं, अपुरी झोप, वेदनाशामक गोळ्या, सर्दीच्या काही औषधांतले नाक मोकळं करणारे घटक, यांनीही दाब वर-खाली होतो. अशा वेळी चढउतार हे शरीरात चाललेल्या दुसऱ्या बिघाडाचं लक्षण असतं.

आणि तिसरं एक कारण आहे, सर्वांत साधं. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. वडील थोडे ओशाळून म्हणाले, "118 आलं त्या दिवशी वाटलं, आता बरं आहे. म्हणून गोळी नाही घेतली." दुसऱ्या दिवशी 152. मग घाबरून गोळी घेतली, 131. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा गोळी राहिली, 160. पूर्ण वही याच तालावर चालली होती. आकडा उतरला की गोळी बंद, चढला की सुरू. वडिलांना वाटत होतं, आपण औषध हिशेबाने घेतोय. 118 हा आकडाच गोळीमुळे आला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण इतकी निगुतीने वही ठेवणाऱ्या माणसाला 'आकडा बघून गोळी ठरवायची नसते' हे एक वाक्य आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

गोळी चुकल्यावर किती फरक पडतो हे गोळीवरही ठरतं. ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल ही रक्तदाबाची दोन औषधं घ्या. ॲम्लोडिपिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला 30 ते 50 तास लागतात, ॲटेनोलॉलचं सहा-सात तासांत येतं. पहिलं औषध संथपणे उतरतं, म्हणून एखादा दिवस चुकला तरी दाब लगेच उसळत नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 19,257 लोकांवर या दोन औषधांपासून सुरू होणारे उपचार ताडून पाहिले गेले. ॲम्लोडिपिनच्या गटात पक्षाघात 23 टक्के कमी झाले, आणि दोन गटांच्या सरासरी रक्तदाबात मात्र फार थोडा फरक होता. मग एवढा फायदा कशाने झाला? रॉथवेल यांच्या गटाने याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ॲम्लोडिपिनच्या गटात चढउतारही कमी असल्याचं दिसलं. या विषयाला धार आली ती इथून. हे वाचून कुणी आपली गोळी मनाने बदलू मात्र नये. ॲटेनोलॉलसारखी औषधं हृदयाच्या काही आजारांत आवश्यक असतात, आणि ती एकदम थांबवली तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

चढउतार खरे आहेत की मोजण्याच्या चुकीतून आले आहेत, हेही आधी पाहावं लागतं. ही चूक वाटते त्यापेक्षा फार मोठी असते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हात टेबलावर ठेवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी 4 ने, आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त आला. जाड दंडाला नेहमीचा मध्यम पट्टा आवळला तर याहूनही मोठी गफलत होते: दुसऱ्या एका प्रयोगात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या माणसांत ती जवळजवळ वीस अंकांची होती. लघवी तुंबलेली असणं, मोजताना बोलणं, पायावर पाय टाकून बसणं, नुकताच चहा-कॉफी किंवा सिगारेट घेतलेली असणं, यातल्या प्रत्येकाने आकडा वर सरकतो. सोमवारी हात लोंबता, मंगळवारी टेबलावर, बुधवारी फोनवर बोलता बोलता, असं मोजलं तर वहीत जे चढउतार दिसतील ते रक्तदाबाचे नसून बसण्याचे असतील.

म्हणून मोजायचं ते एकाच रीतीने. पाठीला टेका, पाय जमिनीवर सरळ, दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प बसायचं. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि रात्री झोपण्याआधी तसंच दोनदा. सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी 135/85 च्या वर असेल तर ती वाढलेली धरतात. दवाखान्यात हीच रेषा सामान्यतः 140/90 ची असते. आठवडा झाला की मशीन ठेवून द्या. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्याचा आकडा पाहण्याच्या धास्तीनेच चढतो, आणि त्या चढलेल्या आकड्याने धास्ती आणखी वाढते.

घरचे आणि दवाखान्यातले आकडे जुळत नसतील, किंवा रात्रीचा दाब जाणून घ्यायचा असेल, तर डॉक्टर चोवीस तासांचं मशीन लावतात. ते दिवसा पंधरा ते तीस मिनिटांनी आणि रात्री साधारण अर्ध्या तासाने आपोआप मोजतं. रात्री दाब उतरतो की नाही, हे त्याच्यावरून कळतं, आणि झोपेतला दाब पुढच्या धोक्याविषयी बरंच काही सांगून जातो. मग गोळी रात्रीच घेतलेली बरी का? 2022 मध्ये 21 हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात झटक्यांच्या किंवा मृत्यूच्या बाबतीत फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती आपली वेळ.

डॉक्टर आज चढउतारांवर वेगळी गोळी देत नाहीत, कारण 'चढउतार इतक्यावर आणले की झटके इतके कमी होतात' असं सरळ सिद्ध करणारी चाचणी झालेली नाही, आणि अमुक प्रमाण विचलन म्हणजे रोग अशी सर्वमान्य रेषाही नाही. ते जे करतात ते असं: सरासरी खाली आणतात, दिवसभर टिकणारं औषध निवडतात, शक्य असेल तर दोन औषधं एकाच गोळीत देतात म्हणजे चुकायला कमी जागा राहते, आणि उड्यांमागे झोपेतला श्वास किंवा दुसरं औषध आहे का ते शोधतात. वय झालेल्यांना उभं करूनही मोजतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी औषध वाढवण्याआधी विचार करावा लागतो. आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, चेहरा वाकडा होणं, हातापायातली शक्ती जाणं यातलं काही असेल, तर वहीत लिहीत बसायचं नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचं. नुसता आकडा मोठा आणि त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. तरीही तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

वडिलांच्या वहीत आता पाचवा रकाना आहे: 'गोळी'. डॉक्टरांनीच तो पट्टीने आखून दिला. गोळी तीच राहिली, फक्त ती रोज घ्यायची ठरली. महिन्याभराने मी पुन्हा सात आकडे उतरवून घेतले: 129, 133, 126, 131, 128, 134, 129. एका दिवशी समोर लिहिलंय, 'विसरलो, अकराला घेतली.' त्या दिवसाचा आकडा 134 आहे.